खिडकीतून आत टाकलेला भाचा

लेकरं घेऊन प्रवास करताना खरी अडचण लेकरांची नसते. खरी अडचण असते ती मोबाईलवरून सल्ले पाठवणाऱ्या त्यांच्या आईची.

माझी बहीण संध्या हैदराबादला एका दवाखान्यात नर्स आहे. तिची दोन लेकरं, मैत्रेयी नऊ वर्षांची आणि नागेश सहाचा, पाच वर्षांपासून आमच्याकडं मादन हिप्परग्याला आहेत. दाजींचा विषय आमच्या घरात निघत नाही, म्हणून मी तो इथंही काढत नाही. यंदा संध्यानं तिकडं खोली घेतली, शाळा बघितली आणि लेकरं न्यायची ठरवली. मैत्रेयी एका पायावर तयार. घोटाळा नागेशचा होता. संध्या नोकरीला गेली तेव्हा तो एवढासा होता. तेव्हापासून ती त्याच्या लेखी भीमजयंतीला आणि दिवाळीत दोन दिवस येणारी एक बाई. तो माझ्या आईला आई म्हणतो आणि स्वतःच्या आईला संध्या म्हणतो, कारण घरात सगळे तिला संध्याच म्हणतात. त्याच्या बाजूनं हिशोब बरोबर आहे.

माझी आई इंदिराबाई आमच्या घरातलं वरचं कोर्ट आहे. तिनं निकाल दिला. "नागू तुझ्यासंगं हसत गेला तर ने. रडत गेला तर राजपाल त्याला माघारी आनंल. रडतं लेकरू म्या कुनाला दिऊ देनार न्हाई."

म्हणजे तो हसला की रडला हे मी ठरवायचं. बी.ए. झाल्यापासून मला मिळालेलं हे पहिलं पद.

बेत असा होता. संध्या सकाळी हैदराबादहून निघून हुमनाबादच्या स्टँडवर थांबणार. मी लेकरं तिथं पोचवायची. दोनच्या बसनं ती त्यांना घेऊन परत जाणार, कारण दुसऱ्या दिवशी शाळा सुरू आणि तिला त्याच रात्री ड्युटी. मी वेळेवर पोचलो नाही तर ती एकटीच जाणार, आणि पुढची सुट्टी कधी हे दवाखान्यालाच ठाऊक.

आठवडाभर तिचे आवाजी मेसेज येत होते. "राज्या, त्याला पोटभर खाऊ घालू नको. उपाशी पन आनू नको." "दूध देऊ नको." "खिडकीपशी बसव, पन हात भाएर काडू देऊ नको." "जादाचे कपडे पिशवीत वर ठेव, तळाला न्हाई." "झोपला तर उठवू नको. पन उतरायच्या आदी उठव." शेवटचा मेसेज होता, "दर थांब्याला लेकरं मोज." मी हसलो. दोन लेकरं. त्यात काय मोजायचं?

निघायच्या दिवशी आईनं नागेशला आधी दूध-भाकरी चारली, मग शेंगाची पोळी, मग केळं. मी म्हणालो, संध्या नको म्हणाली आहे. आई म्हणाली, "संध्याला काय कळतंय? लांबचा पल्ला हाय."

लेकराला उलटी होणार याची एक खूण असते. ते एकाएकी फार शहाण्यासारखं वागायला लागतं. ही खूण मला आळंदच्या अलीकडं उलटी झाल्यानंतर कळली. मैत्रेयीनं प्लास्टिकची पिशवी अगदी वेळेवर उघडून धरली होती, आणि नागेशनं पिशवीच्या शेजारी उलटी केली. शेजारी माझा डावा बूट होता. त्यानंतर तो हलका झाला आणि भूक लागली म्हणाला.

आळंदच्या स्टँडवर मी त्याला विचारलं, "लघवीला जायचं का?" तो म्हणाला न्हाई. पुन्हा विचारलं. न्हाई. कलबुर्गीची बस सुटली, गाव मागं पडलं, आणि तो म्हणाला, "मामा, लई जोरात आली."

कंडक्टरनं तुरीच्या रानाशेजारी बस थांबवली. नागेश उतरला. त्याच्या मागं आणखी सहा-सात माणसं उतरली. एक म्हातारा तर दूर बाभळीपर्यंत निवांत चालत गेला. एका लेकरानं सुरुवात केली की अख्खा समाज मागं येतो. ते सगळे परत येऊन बसेपर्यंत मी पाच वेळा मोबाईल बघितला. मोबाईलमध्ये दर वेळी वेळ पुढं गेलेलीच दिसायची, मागं काही येत नव्हती.

"मामा, तू कामून पाय हलवायलास?" मैत्रेयीनं विचारलं.

"हलवत न्हाई. बस हलायलीय."

"बस थांबलीय."

कलबुर्गीला उतरलो तेव्हा बिदरची बस फलाटावर लागत होती. ही बस हुमनाबादवरून जाते. फलाटावर एवढी गर्दी होती की बस दिसत नव्हती, फक्त तिचं टप दिसत होतं. बायकांना प्रवास फुकट झाल्यापासून आमच्या भागातल्या सगळ्या बायकांना सगळे नातेवाईक एकदमच आठवलेत. त्यात वाईट काही नाही, पण जागा मिळत नाही.

आता इथं आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडं बसला दोन वाटा असतात, दार आणि खिडकी. दार माणसांसाठी, खिडकी जागेसाठी. लोक खिडकीतून रुमाल टाकतात, टॉवेल टाकतात, टोपी टाकतात. पण रुमालाला तोंड नसतं. लोक त्याच्यावर बसून घेतात आणि वरून तुम्हालाच विचारतात, कुठाय रुमाल? म्हणून जाणती माणसं लेकरू टाकतात. लेकरू ओरडतं. मला माझ्या मामानं टाकलेलं आहे, संध्याला आमच्या वडलांनी, अप्पांनी टाकलेलं आहे. आमच्या गल्लीत खिडकीतून न गेलेला माणूस सापडायचा नाही.

मी नागेशला काखेत धरून उचललं. खिडकीची काच सरकवून एका बाईनं आतून त्याचे हात धरले, कारण ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. तो आत गेला, तीन माणसांच्या बाकावर पडला आणि उठून बसला.

"नागू, तिन्ही जागा धर!" मी खालून ओरडलो. "कोनी बी आलं तर सांग मामा येयलाय. मी येईस्तोवर उठायचं न्हाई!"

"बरं," नागेश म्हणाला आणि बाकावर आडवा झाला.

मी मैत्रेयीचा हात धरून दाराकडं घुसलो. दारात एक बाई होती, तिच्या डोक्यावर गठुडं होतं, गठुड्याच्या मागं तिची सासू होती आणि सासूच्या मागं उरलेला कलबुर्गी जिल्हा. मैत्रेयीची चप्पल निसटली. ती वाकली. मी थांबलो. आमच्या पुढ्यातच दार लागलं. शिट्टी वाजली. बस हलली.

मी बसच्या कडेनं पळत पत्रा बडवायला लागलो. "थांबवा! आमचं पोरगं आत हाय!"

पण माझ्यासोबत आणखी दहाजण पळत होते आणि तेही पत्रा बडवत होते. एकजण ओरडत होता, माझी बायको आत हाय. एकजण, माझी पिशवी आत हाय. बस थांबवायला लोक असंच ओरडतात. कंडक्टरनं अशा हजार बायका आणि हजार पिशव्या ऐकल्या असणार. त्यानं खिडकीतून हात हलवला आणि म्हणाला, "हिंद बस अदरी!" म्हणजे मागं बस आहे. बस कायम मागंच असते.

बस फाटकातून बाहेर पडली. मागच्या काचेतून मला काहीच दिसलं नाही.

मैत्रेयी एका पायात चप्पल घालून उभी होती. "मामा," ती म्हणाली, "आईला फोन करू?"

"नको."

"आज्जीला?"

"अजाबात नको."

तिनं थोडा विचार केला. "मंग मला लस्सी पाहिजे."

चौकशीच्या खिडकीत एक साहेब बसले होते. छातीवर विरुपाक्ष अशी पाटी होती.

"साहेब, लेकरू बसमदी गेलं."

"कोनची बस?"

"बिदर."

"मंग बिदरला जाईल."

"त्याला हुमनाबादला उतरायचंय."

"मंग हुमनाबादला उतरंल."

"सहा वर्सांचं हाय साहेब. एकटंच हाय."

आता त्यांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं, मैत्रेयीकडं बघितलं, माझ्या डाव्या बुटाकडं बघितलं. "खिडकीतनं टाकलाव?"

"व्हय."

"टाकताव तर नीट टाकावं की," ते म्हणाले. "मी बी टाकतो. पन आदी एक मानूस दारातनं वर चढवायचं, त्यो आत पोचला की मंग लेकरू टाकायचं. तुमी उलटं केलाव."

इतका कामाचा सल्ला संध्याच्या एकाही मेसेजमध्ये नव्हता.

त्यांनी कंडक्टरला फोन लावला. रिंग गेली, गेली, थांबली. "तिकिटं काढायलाय. कमलापूरपातूर उचलायचा न्हाई त्यो. मी लावत राहतो. बस कमलापूरला थांबंल, तुमी मिळंल त्या गाडीनं निघा. पुढली बस तासानं हाय."

तेवढ्यात माझा फोन वाजला. संध्या.

"कुठवर आलाव?"

"कलबुर्गी."

"पोरं बरी हायत?"

"बरी हायत."

"नागू काय करायलाय?"

"बसलाय. खिडकीपशी."

"बस मिळाली म्हन की! दे त्याला जरा फोन."

"आता नको. जागा धरायलाय त्यो."

"हात भाएर काडू देऊ नको त्याला," संध्या म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. "राज्या, मी त्याच्यासाटी कपाटावर हत्तीचं चित्र लावलंय. त्याला हत्ती आवडतोय न्हवं आजून?"

"आवडतोय," मी म्हणालो आणि फोन ठेवला. यात एकही शब्द खोटा नव्हता. माझं आयुष्यातलं सगळ्यात खरं बोलणं ते, आणि त्यानंच मला घाम फुटला.

स्टँडबाहेर मी येईल त्या गाडीला हात करत सुटलो. दोन जीप भरलेल्या होत्या. एक कारवाला काच खाली करून म्हणाला, नक्को भाई. मग मैत्रेयी लस्सीचा ग्लास माझ्या हातात देऊन रस्त्यात उभी राहिली आणि एका पिकअपसमोर रडायला लागली. गाडी थांबली. मैत्रेयीनं डोळे पुसले, ग्लास परत घेतला आणि मला म्हणाली, "बोल."

पिकअप मंडपवाल्याची होती. चालवत होते हावगेप्पा, शेजारी त्यांची बायको ईरम्मा. मागं लग्नाचं सामान: गालिचे, प्लास्टिकची फुलं, दोन कमानी आणि मधोमध नवरदेवाची खुर्ची. लाल मखमल, सोनेरी हात, डोक्यावर मोराचा पिसारा. हुमनाबादला संध्याकाळी लग्न होतं.

मी सगळं सांगितलं. "अय्यो पाप!" ईरम्मा कळवळल्या आणि मैत्रेयीला ओढून आपल्याशेजारी बसवलं. "बा, ताई, बा. आन् तुमी वो?"

"मागं बसतो."

"मागं कुठं?" हावगेप्पा म्हणाले. "गालिच्यावर बसू नका, नवे हायत. फुलं दबतील. खुर्चीत बसा."

मी नवरदेवाच्या खुर्चीत बसलो. खुर्ची दोरानं बांधलेली होती. हावगेप्पा खाली उतरले, माझ्याकडं बघितलं आणि उरलेला दोर उचलला.

"काय करायलाव, अण्णा?"

"माज्या गाडीतनं आजपातूर कायबी खाली पडलं न्हाई," ते म्हणाले आणि माझ्या छातीवरून, हातांवरून, पोटावरून, पायांवरून दोर घेऊन मागं पिसाऱ्याखाली गाठ मारली. गाठ इतकी सुबक होती की तक्रार करायला जागा नव्हती.

हावगेप्पांनी गाडी अशी सोडली की प्लास्टिकची दोन फुलं उडून गेली. ती बांधलेली नव्हती. हमरस्त्यावर मी उलटं तोंड करून बसलो होतो, म्हणजे मला फक्त मागं गेलेला रस्ता दिसत होता आणि पुढं काय चाललंय ते कळत नव्हतं. बस पुढं असेल का? नागेश तिच्यात असेल का? का मधेच कोणी त्याला "चल बाळ" म्हणून उतरवून घेतलं असेल? पाय हलवावेसे वाटत होते. पायही बांधलेले होते.

ढाब्यावरची माणसं उठून हात हलवत होती. एका लॉरीवाल्यानं बँडसारखा हॉर्न वाजवला. एक तरुण मोटारसायकल घेऊन आमच्या मागं लागला, जवळ आला, बराच वेळ बघत राहिला.

"नवरदेव," तो ओरडला, "बांधून न्यायलेत काय?"

"व्हय!"

"सोडवू का?"

"नको! येळ होतोय!"

त्यानं हेल्मेट काढून मला नमस्कार केला आणि मागं राहिला.

कमलापूरला गाडी करकचून थांबली. मान वळवून बघितलं, तर आमच्यापुढंच ती बस उभी. तिसऱ्या खिडकीत नागेशचं डोकं! मी इतका जोरात उठलो की खुर्चीसकट जागेवरच बसलो.

"अण्णा, सोडा!"

हावगेप्पा मागं आले आणि गाठीशी झटायला लागले. वाटेत मी जे हिसके दिले होते त्यानं गाठ आवळून दगड झाली होती. "कशाला वडलाव तुमी? वडायची गाठ न्हाई ही." मैत्रेयी केबिनमधून उडी मारून पळाली आणि बसमध्ये चढली. मी श्वास धरून बसलो, जो दोरामुळं तसाही धरलेलाच होता.

शिट्टी वाजली. मैत्रेयीचं तोंड नागेशच्या डोक्यावर खिडकीत दिसलं.

"मामा! त्यो उठंना! म्हनतो, मामा आल्याबिगर उठायचं न्हाई!"

"वड त्याला!"

"वडलं! चावतोय!" बस हलायला लागली. "कंडक्टर म्हनायलेत थांबता येत न्हाई! मी बसते याच्यापशी! तू ये निवांत!"

बस गेली. आता माझ्याकडं एकही लेकरू उरलं नव्हतं. थांब्यावर मोजायचं म्हणाल तर हिशोब फार सोपा झाला होता.

तिथून पुढं फोन वाजायला लागला. तो माझ्या खिशात होता आणि माझे हात दोराखाली. वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. संध्याच होती, दुसरं कोण असणार. तिला आता काय दिसत असेल? स्टँडवर बस येताना, खिडकीत दोन लेकरं, आणि मोठं माणूस नाही. का अजून काहीच दिसत नसेल, म्हणून फोन? मी हावगेप्पांना हाका मारल्या, पण त्यांनी वर टेपवर गाणी लावली होती, लग्नाची. मी मनात सगळी उत्तरं जुळवून बघितली. एकही उत्तर खुर्चीत बसून देण्यासारखं नव्हतं.

हुमनाबादच्या स्टँडवर पिकअप शिरली तेव्हा बस सुरूच होती. कंडक्टर दारात उभा राहून शिट्टी वाजवत होता आणि बसमधून मोठा कालवा येत होता. हावगेप्पांनी पुन्हा गाठ बघितली, मान हलवली आणि समोरच्या दोन हमालांना हाक मारली.

"दोर कापा की, अण्णा!"

"नवा दोर हाय," ते म्हणाले.

हमालांनी मला खुर्चीसकट उचललं आणि बसच्या तिसऱ्या खिडकीखाली नेऊन ठेवलं. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. आसपासची माणसं जरा मागं सरली, मान दिल्यासारखी.

बसमध्ये गर्दी गच्च होती. त्या गर्दीत एक तीन माणसांचं बाक होतं, त्यावर मधे मैत्रेयी, खिडकीला नागेश, आणि तिसरी जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेवर नागेशचा पाय होता. जागेच्या शेजारी दांडा धरून संध्या उभी होती. तिचे केस सुटले होते. पाठीमागं एक जाडसर माणूस आपला हात सगळ्यांना दाखवत होता.

"चावलंय वो हे! माजं नाव नरसिंग हाय, मी कुनाच्या अध्यात न्हाई, नुसतं टेकलो तर चावलं! आता इंजेक्शन घ्यावं लागंल!"

"दाखवा," संध्या म्हणाली. हात उलटसुलट करून बघितला. "कातडं फाटलं न्हाई. काय होत न्हाई." मग तिनं खिडकीतून मला बघितलं. खुर्ची बघितली. पिसारा बघितला. दोर बघितला.

"राज्या, हे काय हाय?"

"सांगतो..."

"नको. सांगू नको."

"मामा!" नागेशनं पाय काढून जागेवर थाप मारली. "ये! तुजी जागा धरलीय मी. कुनालाच दिली न्हाई. हिला बी दिली न्हाई." हिला म्हणजे संध्याला.

संध्यानं दांड्यावरचा हात बदलला.

"नागू, मला येता येत न्हाई."

"कामून?"

"बांधलंय मला."

तो खिडकीतून अर्धा बाहेर लोंबला. हात बाहेर, डोकं बाहेर, सगळंच बाहेर. मैत्रेयीनं त्याची चड्डी धरून ठेवली. त्यानं दोर बघितला, माझे चिकटलेले हात बघितले, आणि हसायला लागला. तो हसला की त्याचा आवाज येत नाही, फक्त पोट हलतं.

"ओ बाई," कंडक्टर ओरडला, "उतरायचं तर उतरा, बसायचं तर बसा. मला बिदर गाठायचंय!"

"चल नागू," संध्या म्हणाली. "उतर. आपली दुसरी बस हाय."

हसू थांबलं. नागेशनं खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरली. त्याचा खालचा ओठ बाहेर आला. तो ओठ मला पाठ आहे. त्याच्यानंतर थोडा वेळ काहीच होत नाही आणि मग एकदम सगळं होतं. तो ताप आल्यावर असाच ओठ काढतो, कुत्र्याचं पिल्लू मेलं तेव्हा असाच काढला होता, आणि दर वेळी तो माझ्याच गळ्यात येऊन रडला.

इथं मला सांगायला पाहिजे की त्या खुर्चीत बसून माझं अर्धं मन त्याला म्हणत होतं, रड. रड की रे. एकदा रडलास की मी तुला माघारी नेतो, आईनंच सांगितलंय, माझी काही चूक नाही, घरी जाऊ. संध्या माझ्याकडं बघत नव्हती. ती नागेशच्या ओठाकडं बघत होती. तिलाही तो ओठ वाचता येत होता. आणि तिनं त्याला हात लावला नाही, ओढलं नाही. नुसती उभी राहिली, दोन्ही बाजूंनी माणसं ढकलत असताना.

"नागू," मी म्हणालो. "माझी जागा संध्याला दे."

"आन् तू?"

"मला जागा मिळाली की. बघ."

त्यानं बघितलं. मखमल बघितली, सोनेरी हात बघितले, मोर बघितला. बाकाकडं वळून बघितलं. बाकाचा फोम फाटलेला होता. बराच वेळ तो दोन्हींचा मेळ घालत होता आणि कंडक्टर शिट्टी तोंडात धरून, न वाजवता थांबला होता.

"ती तुजीच हाय?"

"आज माझीच हाय."

"कोन उठवनार न्हाई तुला?"

"उठवायला बघितलं. उठवता आलं न्हाई."

नागेशनं पाय आत घेतला. संध्या त्या जागेवर टेकली, अगदी कडेला, जशी माणसं दुसऱ्याच्या घरी टेकतात. "बिदरपातूर तीन," ती कंडक्टरला म्हणाली. "तिथनं हैदराबादची बस बघू." दोनच्या बसचं तिनं नावही काढलं नाही.

बस सुटली. खिडकी माझ्यासमोरून हळूहळू पुढं सरकली. मैत्रेयी हात हलवत होती. नागेश हसतही नव्हता आणि रडतही नव्हता, माझ्या खुर्चीकडं बघत होता. संध्या पिशवी वर ठेवायला उठली. त्याच क्षणी नरसिंग त्या जागेकडं झुकला, आणि नागेशचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला.

"ओ! दिसत न्हाई काय? इथं संध्या बसलीया!"

मग बस दिसेनाशी झाली.

हावगेप्पा कुणाकडं सुरी मिळते का बघत होते, म्हणजे शेवटी दोर कापायची त्यांची तयारी झाली होती. माझा फोन वाजला. ईरम्मांनी तो खिशातून काढला, नाव वाचलं आणि माझ्या कानाला लावला.

"काय रं," आई म्हणाली. "गेला का?"

"गेला."

"रडला?"

"न्हाई."

"जराबी न्हाई?"

"न्हाई, आई. हसला."

तिकडं आईनं कोंबड्या हाकलल्या. "बरं झालं," आई म्हणाली. मग म्हणाली, "तुजा आवाज कामून आसा येयलाय?"

"दोर आवळलाय गं छातीवर," मी म्हणालो.

आणि तो खरंच आवळलेला होता.